जिन्याच्या कठड्यावरचा हात

कवळीकाकांना भुताचा एकही पिक्चर कधी सुखाने बघता आला नाही, आणि भुताखेरीज दुसरा कुठला पिक्चर त्यांना आवडला नाही. आता यावर कुणी काय करावं?

कवळीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात त्यांची उमर गेली, म्हणून गल्लीने दिलेलं नाव. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, उंच टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक वाकडा दिवा. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, मग घासूनपुसून चकाकी आणायची. ज्याच्या तोंडात ते दात जाणार त्या माणसाचं तोंड काकांनी कधी पाहिलं नाही. पण या धंद्याने एक खोड लावली ती लावलीच. रक्त पिणारं पिशाच्च पडद्यावर आलं आणि त्याने ओठ मागे घेतले, की सगळं थिएटर श्वास रोखून धरायचं आणि काका पुटपुटायचे, “एवढे लांब सुळे! याचं तोंड मिटणार कसं?”

“गप्प बसा हो,” शेजारून बायको म्हणायची.

“अगं पण हा जेवतो कसा?”

“तो जेवत नाही, रक्त पितो.”

“पिण्यापुरते तरी ओठ जुळायला नकोत का?”

पिशाच्चांची भीती अशी वाया गेली. राहिली भुतं. तर तिथे बायको आडवी आली.

लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं पिक्चरला गेले तेव्हाची गोष्ट. भुताचा पिक्चर आहे हे काकांनी तिला सांगितलंच नव्हतं. पडद्यावर वारा सुटला, खिडकी आपटली, तशी तिने दोन्ही डोळे गच्च मिटले, काकांचं कोपर पकडलं आणि विचारलं, “गेलं का?” तेव्हापासून हा नियमच पडला. जरा कुठे वाजलं की डोळे मिटायचे, कोपर धरायचं आणि विचारायचं, “गेलं का?” काकांनी म्हणायचं, “अजून नाही.” मग ती विचारणार, “काय करतंय?” काकांनी सांगायचं. काका “गेलं” म्हणेपर्यंत ती डोळे उघडत नसे आणि कोपर सोडत नसे. कोपरावर तिच्या नखांच्या खुणा उठायच्या. म्हणजे इतर माणसं पिक्चर बघत होती आणि काका पिक्चर सांगत होते. घाबरण्याचा क्षण आला की ते नेमके कामात असायचे.

“तुला एवढी भीती वाटते तर येतेस कशाला?” ते चिडून विचारायचे.

“तुम्हाला एकट्याला भीती वाटेल म्हणून,” ती म्हणायची. कपाळ!

कारखाना सुटला, पिक्चर घरात आले. मुलीने भिंतीवर भला मोठा टीव्ही लावून दिला आणि म्हणाली, “बाबा, आता जगातली सगळी भुतं तुमच्या दिवाणखान्यात.” काका हरखून बसले. पण नव्या पिक्चरांनी त्यांच्या नाकी नऊ आणले. एक तर इतका अंधार, की काचेत काकांना स्वतःचाच चेहरा दिसायचा. रिमोटने उजेड वाढवावा तर मुलगी ओरडायची, “बाबा, तो अंधार मुद्दाम ठेवलाय!” दुसरं म्हणजे बराच वेळ काहीच घडायचं नाही. कुणी तरी सिंकपाशी उभं राहून कप विसळतंय, विसळतंय, आणि मग एकदम कानाशी पत्रा आपटावा तसा आवाज. काका उडायचे. चहा बशीत सांडायचा.

“बघा, घाबरलात की नाही?” मुलगी टाळी द्यायला हात पुढे करायची.

“घाबरलो नाही, दचकलो.”

“एकच ते.”

“एकच कसं? दचकायला काय, दूध उतू गेलं तरी माणूस दचकतो. घाबरणं वेगळं. घाबरल्यावर माणूस हलत नाही.”

हे सांगायला त्यांना कुणी तरी हवं होतं. घरात ऐकून घेणारं कुणी नव्हतं. म्हणून वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी भुताचे पिक्चर दाखवतात, एका आठवड्याला जुना, एका आठवड्याला नवा, आणि मागून चर्चा करतात असं कळलं, तेव्हा काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बायको आली नाही. चर्चेची मात्र मला भीती वाटते, म्हणाली.

हा मेळा वाचनालयाच्या बाई चालवायच्या. उत्साही बाई, केसांत सदा एक पेन्सिल खोवलेली. पडदे ओढायचे, लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडायच्या, पिक्चर संपला की दिवे लावून विचारायचं, “हं, कुणाला काय वाटलं?” आणि हा प्रश्न आला की बसचा ड्रायव्हर जागा व्हायचा. हा निवृत्त बसड्रायव्हर नेहमी मागच्या रांगेत बसे, दिवे मालवले की झोपे, आणि चर्चेत सगळ्यांत जास्त बोले. काकांनी पहिल्या दिवशी घसा खाकरून सुरुवात केली, “मला असं म्हणायचंय, की दचकणं आणि घाबरणं यात...”

“बरोबर!” ड्रायव्हर म्हणाला. “ब्रेक दाबला की मागची माणसं दचकतात. पुढचा घाबरलेला असतो.” सगळे हसले आणि चर्चा बसवर गेली ती परत आलीच नाही.

पुढच्या शनिवारीही तेच. काकांना शब्द जुळवायला वेळ लागायचा, तेवढ्यात कुणी तरी वाक्य पळवायचं. एका तरुण मुलीने नव्या पिक्चरबद्दल फार छान सांगितलं. त्यातलं भूत म्हणजे त्या घरातल्या आईचं दुःखच आहे म्हणे, म्हणून ते दिसत नाही. काकांना ते पटलं, मनाला लागलंसुद्धा. पण त्यांना तेवढंच विचारायचं होतं, की दुःख आहे तर मग पत्रा का आपटता? ते विचारायला तोंड उघडलं आणि बाईंनी दिवे मालवले. वेळ संपली होती.

शेवटी एकदा चिडून ते उभेच राहिले. “मी एक पिक्चर पाहिलाय,” ते म्हणाले, आणि आवाज चढल्यामुळे असेल, सगळे गप्प झाले. “जुना. काळा-पांढरा. मोठं घर, त्यात नवी आलेली सून. हातात मेणबत्ती घेऊन जिना उतरते. संगीत नाही, काही नाही. आणि तिच्या मागे, जिन्याच्या कठड्यावर, एक हात. नुसता हात. मनगटामागे माणूस नाही. ती एक पायरी उतरली की तो तेवढाच पुढे सरकतो. ती थांबली की तो थांबतो, आणि बोटातली अंगठी कठड्यावर वाजवतो. टक. टक. ती मागे वळून बघत नाही. बघणारच नाही. कारण तिला माहीत आहे.”

तरुण मुलीने स्वतःच्या दंडावरून हात फिरवला.

“याला मी घाबरणं म्हणतो,” काका म्हणाले आणि खाली बसले. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक वाक्य पुरं झालं होतं.

“काका, आपण हाच लावू या!” बाई म्हणाल्या.

घरी काकांच्या मुलीने पिक्चर शोधून काढला. जुनी प्रत धुऊनपुसून नवी केलेली. “आधी बघून घ्या की,” ती म्हणाली, पण काकांनी नकार दिला. इतक्या वर्षांनी बघायचा तर सगळ्यांबरोबर बघायचा, आणि या वेळी कोपर मोकळं ठेवून बघायचा. शनिवारी खोली भरली. मोठं घर आलं, सून आली, मेणबत्ती आली. काका खुर्चीच्या टोकाला सरकले. सून जिना उतरू लागली. पायरी, पायरी, पायरी. कठडा रिकामा. ती खाली पोचली, दार उघडलं, दारात नवरा. “तू अजून जागी?” तो म्हणाला आणि सीन संपला.

काकांना वाटलं, पुढे असेल. पुढे नव्हता. पिक्चर संपला, दिवे लागले.

“हात?” मागून ड्रायव्हर म्हणाला. त्या दिवशी तो झोपला नव्हता, हेही काकांचं नशीब.

“कापलाय,” काका म्हणाले. “सीन कापलाय.”

“हातच कापला?”

खोलीत हशा फुटला. बाईंनीसुद्धा तोंडावर पेन्सिल धरली. काका घरी आले आणि जेवताना मीठ नाही म्हणून बायकोवर ओरडले. मीठ होतं.

त्यानंतर ते वाचनालयाच्या पायऱ्या चढले की ड्रायव्हर विचारायचा, “काय काका, हात लागला का हाती?” काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आपण आयुष्यभर खोटं बोललो नाही, कुणाची कवळी मिलिमीटरभर वाकडी दिली नाही, आणि या वयात गप्पीदास ठरावं? कोपरावर वळ घेऊन आपण तो हात सांगितलाय! त्यांनी मुलीच्या मागे लागून आणखी दोन ठिकाणच्या प्रती शोधायला लावल्या. दोन्हींत कठडा रिकामा. मुलगी म्हणाली, “बाबा, सोडा ना आता.” त्यांनी सोडलं नाही. वाचनालयाच्या बाईंनाच दया आली, आणि जुने पिक्चर जपून ठेवतात त्या संस्थेत त्यांनी फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, आमच्याकडे आहे ती प्रत एवढीच. पण त्या काळी गावोगावी वेगवेगळ्या लांबीच्या प्रती फिरत असत, तेव्हा ठामपणे काहीच सांगता येणार नाही.

झालं! बाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे हरवलेला सीन!” त्या म्हणाल्या. “आणि तो पाहिलेला माणूस आपल्यात आहे!” त्यांनी येत्या शनिवारी खास कार्यक्रम जाहीर केला आणि खाली दाराशी मोठा कागद लावला. त्यावर जिना, कठडा आणि काळ्या शाईत एक हात. ड्रायव्हरने तो कागद निरखून पाहिला आणि काकांशी पहिल्यांदाच अदबीने बोलला, “काका, बोटं जरा लांब हवी होती ना?”

काका तरंगत घरी आले. बायको खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. समोर बसून त्यांनीही शेंगा घेतल्या. शनिवारी काय बोलायचं त्याची उजळणी करावी म्हणून ते सहज म्हणाले, “तुला तो हात आठवतो ना गं?”

“न आठवायला काय झालं? अजून जिना उतरताना मी कठडा धरत नाही.”

“बघ! आणि हे लोक म्हणतात, नव्हताच.”

“नव्हता कसा? जाडजूड हात होता. नखं अगदी आखूड कापलेली. आणि करंगळीजवळच्या बोटात ती अंगठी, हिरव्या खड्याची.”

काकांच्या हातातली शेंग हातातच राहिली. “हिरव्या?”

“हिरव्याच. गडद.”

“अगं, पिक्चर काळा-पांढरा होता.”

बायकोने पुढची शेंग घेतली. “मला काय माहीत? मी कुठे डोळे उघडले होते? तुम्हीच सांगितलंत, हिरवा.”

मटारचे दाणे भांड्यात पडत राहिले. काकांना तो हात दिसत होता. जाडजूड, नखं आखूड, गडद हिरवा खडा. पण त्याच्याखाली कठडा नव्हता. उंच टेबल होतं, प्लास्टरची भुकटी सांडलेलं. त्यांचे पहिले मालक! कारखान्यातला उमेदवारीचा काळ. मान खाली घालून मेणात दात बसवायचे, आणि पाठीमागून पावलं यायची. मालक कधी बोलत नसत. खांद्यावरून नुसता हात पुढे यायचा, कवळी उचलायचा. पसंत पडली तर हात जायचा. नाही पडली, तर अंगठी टेबलाच्या कडेवर वाजायची. टक. टक. मग ती कवळी भिंतीवर फुटायची. त्या दिवसांत काकांनी मालकांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. वळून बघायची छातीच नव्हती.

आणि त्याच दिवसांतला तो पहिला पिक्चर. थिएटरात नवी बायको शेजारी, तिने कोपर धरलेलं, ती विचारतेय काय करतंय, आणि पडद्यावर तर नुसती एक बाई जिना उतरतेय. “गेलं” म्हटलं तर कोपर सुटणार. तेव्हा काय तोंडाला आलं असेल, ते आलं असेल.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही,” काका म्हणाले आणि मग भडकले. “काही नाही, हेच तर झालंय! शनिवारी मला सगळ्यांसमोर सांगावं लागणार, की काही नव्हतं. तो ड्रायव्हर मला जगू देणार नाही. तू एकदा, एकदा जरी डोळे उघडले असतेस तर ही वेळ आली नसती!”

“माझ्यावर कशाला ओरडता? भूत तुमचं.” ती उठली. “चला, मी पण येते शनिवारी.”

शनिवारी जादा खुर्च्या मागवाव्या लागल्या. बाईंनी काकांना पुढे बोलावलं. काका उभे राहिले. सवयीने घसा खाकरला. पण या वेळी कुणी वाक्य पळवलं नाही. सगळे वाट बघत होते.

“तो हात पिक्चरमध्ये नव्हता,” काका म्हणाले. “कापलेला नाही. कधीच नव्हता. माझीच चूक झाली. माफ करा.”

मग ड्रायव्हर उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

“असं कसं, काका?” ड्रायव्हर म्हणाला. “मी स्वतः पाहिलाय.”

“काय पाहिलंय?”

“हात! पोरवयात, काकांबरोबर गेलो होतो. माझ्या सख्ख्या काकांबरोबर. अंगठी वाजते, टक टक. इतके दिवस विसरलो होतो, तुम्ही सांगितलं आणि लख्ख आठवलं. रात्रभर दिवा जाळायला लावला होता मी.”

“अहो, तुम्हाला मी सांगितलं म्हणून आठवतंय!”

“तेच म्हणतोय ना मी.”

“ती अंगठी आमच्या मालकांची होती!”

“म्हणजे मालकांनी पिक्चरमध्ये काम केलं होतं?” बाईंनी आनंदाने विचारलं, केसांतली पेन्सिल काढून.

काकांनी पुन्हा समजावलं. जितकं समजावलं तितका गुंता वाढला. तरुण मुलगी हळुवारपणे म्हणाली, “काका, फोनवरचं ऐकून तुमचा आत्मविश्वास गेला असेल. होतं असं.” कुणी म्हणालं, माणूस किती साधा आहे बघा, श्रेय घ्यायला तयार नाही. काकांच्या मनात आलं, खोटं ठरलो तेव्हा तो हात आपल्याला खरा वाटत होता, आता खरं बोलतोय तर कुणी त्याला खोटं म्हणू देत नाही. हात जोडून काका जागेवर येऊन बसले. बायको म्हणाली, “छान बोललात.” त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिवे मालवले. तोच पिक्चर पुन्हा लागला, हरवलेला सीन कुठे बसत असेल ते सगळ्यांनी मिळून शोधायचं म्हणून. मोठं घर, सून, मेणबत्ती. आज काकांनी ठरवलं होतं, फक्त पडद्याकडे बघायचं. सून जिन्याच्या टोकाशी आली, तसं कोपरावर काही तरी घट्ट बसलं. बायकोने डोळे मिटले होते.

“गेलं का?” तिचं कुजबुजणं अख्ख्या खोलीला ऐकू गेलं.

“गेलं,” काका ताडकन म्हणाले.

“एवढ्यात?”

“अगं, नाहीच आहे काही! सांगितलं ना आत्ता सगळ्यांसमोर?”

“नीट बघा.”

“शूऽऽ,” पुढून कुणी तरी म्हणालं. जन्मभर दुसऱ्यांनी गप्प बसावं म्हणून तळमळलेल्या माणसाला हेही ऐकावं लागलं. ते दात आवळून बघू लागले. सून उतरत होती. पायरी, पायरी. कठडा रिकामा होता, स्वच्छ रिकामा, आणि खोलीतली सगळी माणसं त्या रिकाम्या कठड्याकडे डोळे फाडून बघत होती.

टक. टक.

आवाज मागून आला. ड्रायव्हर रंगात येऊन खुर्चीच्या लोखंडावर किल्ली वाजवत होता. काकांना ते कळत होतं. नीट कळत होतं. तरी त्यांची मान आखडली, पाठ ताठ झाली आणि नजर गुडघ्यांवर खाली गेली. वळून मागे बघावं, त्या माणसाला झापावं, असं मनात आलं आणि मान काही वळेना. ते दचकले नव्हते. ते हलतच नव्हते.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “तुमचा हात किती गार पडलाय.”

मग अंधारात तिने डोळे उघडले. पडद्याकडे पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, सगळीकडे नीट पाहून घेतलं. त्यांचं कोपर तिने सोडलं नाही.

“गेलं हो,” ती म्हणाली. “कुणी नाहीये.”

“माहीत आहे मला,” काका गुडघ्यांकडे बघत चिडून म्हणाले. “पिक्चर बघू दे.”

त्यांनी मान वर केली तेव्हा जिना संपला होता, दार उघडलं होतं आणि नवरा विचारत होता, तू अजून जागी?